विभक्त पत्नी, दुसरा संसार आणि कुटुंब निवृत्तिवेतन : कोणाचा हक्क, कोणती कागदपत्रे, कोणती पायरी आधी

नवरा-बायको वर्षानुवर्षे वेगळे राहत असतात, पण घटस्फोट झालेला नसतो. नवऱ्याने दरम्यान दुसरा संसार थाटलेला असतो, त्या घरात मुले मोठी झालेली असतात आणि आजारपणात सेवाही त्याच घराने केलेली असते. मग नवऱ्याचा मृत्यू होतो आणि पेन्शनच्या अर्जासाठी दोन बाजूंनी दोन स्त्रिया एकाच कार्यालयात येतात. दोघींच्या हातात मृत्यूचा दाखला असतो, आणि पत्नी आपणच आहोत यावर दोघींचाही प्रामाणिक विश्वास असतो.

अशा प्रकरणांत नियम कोणाची कड घेतात, याविषयी आपल्याकडे मोठे गैरसमज आहेत. ‘नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे माझे’, ‘पंधरा वर्षे वेगळे राहिलो म्हणजे नाते आपोआप संपले’, ‘स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी झाली होती’ आणि ‘त्यांनी मृत्युपत्रात पेन्शन मला लिहून दिली आहे’ ही चार वाक्ये सर्वांत जास्त ऐकू येतात. यांपैकी पहिले वाक्य अर्धवट खरे आहे, दुसरे आणि चौथे पूर्णपणे चुकीचे आहे आणि तिसरे फार थोड्या कुटुंबांच्या बाबतीत, तेही पुराव्यानिशी सिद्ध झाले तरच, टिकते. कुटुंब निवृत्तिवेतन ठरते ते मृत्यूच्या दिवशी कायद्याच्या नजरेत कोणाचे नाते काय होते यावर, आणि त्या दिवसानंतर ते नाते बदलता येत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग माणूस हयात असताना करायच्या गोष्टींविषयी आहे.

पहिली पायरी : पैशांचे प्रकार वेगळे करा

कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सगळ्या रकमांना लोक सरसकट ‘पेन्शनचे पैसे’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका कागदावर प्रत्येक रक्कम वेगळी लिहावी, कारण प्रत्येकीचा नियम वेगळा आहे.

दरमहा मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नव्हे. नियमांनी ते थेट कुटुंबातील विशिष्ट व्यक्तीला दिलेले असते, त्यामुळे ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही आणि कोणाचे तोडताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्या कर्मचाऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केले होते, तरीही कुटुंब निवृत्तिवेतनावर आणि उपदानावर त्याच्या विधवेचाच हक्क मानला गेला. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. सरकारी नियमांत कर्मचाऱ्याला कुटुंब असेल तर उपदानाचे नामनिर्देशन कुटुंबातील व्यक्तींपुरतेच करता येते.

भविष्य निर्वाह निधी, रजा रोखीकरण, गट विमा, बँकेतील ठेवी आणि आयुर्विमा यांत नामनिर्देशनाला महत्त्व आहे, पण नॉमिनी म्हणजे अंतिम मालक असे बहुतेक ठिकाणी होत नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या संदर्भात सांगितले, की नॉमिनी पैसे ताब्यात घेण्यास पात्र असतो आणि ते पैसे वारसांचे असतात. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. आई-वडील, पती, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याच्या रकमेवर सामान्यतः त्यांचा स्वतःचा हक्क मानला जातो. लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार या यादीत येत नाही, ही बाब पुढे उपयोगी पडेल.

दुसरी पायरी : नात्याचा कायदेशीर दर्जा ठरवा

सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नये.

नुसते वेगळे राहणे. पत्नी माहेरी राहते, पतीने तिला नांदवलेले नाही, पोटगीचा दावा चालू आहे किंवा दोघांचा वीस वर्षे संपर्कच नाही, यांपैकी कशानेही विवाह संपत नाही. आपल्या समाजात ‘टाकलेली’ हा क्रूर शब्द वापरला गेलेली स्त्री कायद्याने पत्नीच असते आणि पतीच्या मृत्यूनंतर त्याची विधवा असते. तिने पोटगी मागितली नाही किंवा ती अंत्यविधीला आली नाही, यामुळे तिचा हक्क कमी होत नाही.

न्यायिक विभक्तता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायालयाने दिलेल्या या हुकुमानंतर सोबत राहण्याचे बंधन सुटते, पण विवाह कायम राहतो. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांत न्यायिकरीत्या विभक्त पती किंवा पत्नी कुटुंबात मोडते. अपवाद एकच : विभक्तता व्यभिचाराच्या कारणावरून मिळाली असेल, मागे राहिलेली व्यक्तीच त्याबद्दल दोषी ठरली असेल आणि मृत्यू त्या विभक्ततेच्या काळात झाला असेल, तर तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. मुले असतील तर ती कोणाच्या पालकत्वाखाली आहेत हेही पाहिले जाते. विभक्त व्यक्ती मुलांची पालक असेल तर रक्कम तिच्याकडे जाते, अन्यथा मुलांच्या प्रत्यक्ष पालकाकडे.

घटस्फोटाचा दावा प्रलंबित असणे. हुकूम होण्याआधी पतीचा मृत्यू झाला तर दावा तिथेच संपतो आणि पत्नी विधवा ठरते. दोघांनी परस्परसंमतीच्या अर्जावर सह्या केल्या होत्या, फक्त शेवटची तारीख राहिली होती, अशा स्थितीतही हेच होते.

एकतर्फी घटस्फोट. पतीच्या मृत्यूनंतरच अनेक विभक्त स्त्रियांना कळते, की दूरच्या एखाद्या न्यायालयातून त्याने पूर्वीच एकतर्फी हुकूम मिळवला होता आणि तिला कधी समन्सच पोचले नव्हते. सगळे संपले असे समजून अशा वेळी मागे फिरू नये. पतीच्या मृत्यूनंतरही पत्नीला तो हुकूम रद्द करण्याची मागणी करता येते, कारण तिचा दर्जा आणि मालमत्तेतील हक्क त्यावर अवलंबून असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले आहे. मात्र हुकुमाची माहिती मिळाल्यापासून मुदतीचा प्रश्न सुरू होतो, त्यामुळे प्रमाणित नकलेसाठी त्याच आठवड्यात अर्ज करावा.

सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, चार पंच आणि नोटरीचा शिक्का एवढ्याने हिंदू विवाह मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने चालत आलेला घटस्फोट अबाधित ठेवला आहे खरा, पण त्या विशिष्ट समाजात तशी प्राचीन आणि अखंड रूढी आहे हे न्यायालयात स्पष्टपणे मांडून सिद्ध करावे लागते, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पुन्हा अधोरेखित केली. अशा कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न पुढे शून्य, म्हणजे कायद्याने झालेच नाही असे, ठरण्याचा धोका मोठा असतो, आणि त्याची किंमत सहसा दुसऱ्या स्त्रीला मोजावी लागते, तीही उतारवयात.

दुसरे लग्न. पहिला विवाह अस्तित्वात असताना हिंदू पुरुषाने केलेले दुसरे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ आणि ११ नुसार मुळातच शून्य असते. ते देवळात झाले की मंगल कार्यालयात, पत्रिका छापल्या होत्या की नाही, शिधापत्रिकेवर आणि आधारवर कोणाचे नाव आहे, याने फरक पडत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ मध्ये एकापेक्षा अधिक विधवा असल्यास समान वाटणी करावी असे म्हटले आहे आणि त्या आधारावर अनेक वर्षे दुसऱ्या पत्नी अर्धा हिस्सा मागत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये हा प्रश्न सोडवला : हिंदू विवाह कायदा लागू असेल आणि दुसरा विवाह कायदेशीर नसेल, तर त्या स्त्रीला या नियमाखाली विधवा म्हणून हिस्सा मिळत नाही. समान वाटणीची तरतूद ज्या व्यक्तिगत कायद्यात एकाहून अधिक विवाह वैध आहेत, उदाहरणार्थ मुस्लिम कायदा, त्या कुटुंबांना लागू पडते.

पहिल्या लग्नाची माहिती न देता ज्या स्त्रीशी लग्न केले गेले, तिच्यावर यात उघड अन्याय होतो असे माझे मत आहे. पती हयात असेपर्यंत न्यायालये तिला पोटगी देतात, पण त्याच्या मृत्यूनंतर निवृत्तिवेतनाच्या नियमांत तिच्यासाठी जागा उरत नाही.

लग्नाविना सहजीवन. दीर्घकाळ पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असावा असे न्यायालय गृहीत धरू शकते, पण हे गृहीतक खोडून काढता येते आणि दोघांपैकी एकाचा आधीचा विवाह जिवंत असेल तर ते टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सैन्यातील एका सुभेदाराच्या प्रकरणात याचा आधार घेतला. त्याचा पहिला विवाह १९९० मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने संपला होता आणि त्यानंतर मृत्यूपर्यंतची जवळपास अकरा वर्षे तो दुसऱ्या स्त्रीसोबत राहत होता. त्या अकरा वर्षांच्या जोरावर तिला निवृत्तिवेतन मिळाले. पहिला विवाह कायम असता तर तीच अकरा वर्षे निरुपयोगी ठरली असती.

मुले. आई-वडिलांचा विवाह शून्य असला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार मुले वैध ठरतात. दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारूनही तिच्या मुलांचा हिस्सा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मान्य केला होता, आणि केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन विभागाने २०१२ मध्ये तशी लेखी सूचना काढली. म्हणून दुसऱ्या घरातील आईने स्वतःचा दावा टिकणार नाही असे दिसत असतानाही मुलांच्या नावाने स्वतंत्र अर्ज करणे कधीही सोडू नये.

तिसरी पायरी : सरकारी नोकरीतील हिशेब समजून घ्या

१ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आता २०२१ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत आणि कुटुंब निवृत्तिवेतन नियम ५० खाली येते. साधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असून किमान रक्कम ९,००० रुपये आहे; त्यावर महागाई सहाय्य वेगळे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षे वाढीव दराने, म्हणजे ५० टक्के मिळते.

समजा, एका केंद्रीय कर्मचाऱ्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये होते आणि साधारण दराने कुटुंब निवृत्तिवेतन १८,००० रुपये बसते. पहिली पत्नी हयात आहे, घटस्फोट नाही, आणि शून्य ठरणाऱ्या दुसऱ्या विवाहातून एक विशीतला अविवाहित, बेरोजगार मुलगा आहे. इथे पहिल्या पत्नीला ९,००० आणि दुसऱ्या आईच्या वाट्याचे ९,००० मुलाला मिळतात. मुलगा २५ वर्षांचा झाला, त्याचे लग्न झाले किंवा तो स्वतः कमावू लागला, की त्याची पात्रता संपते. त्याच्यामागे पात्र भावंड नसेल तर तो हिस्सा बुडत नाही. तो पहिल्या पत्नीकडे जातो आणि तिला पूर्ण १८,००० मिळू लागतात. त्यासाठी तिने अर्ज मात्र करावा, कारण दुसऱ्या घरातल्या मुलाचे वय बँक तिच्यासाठी मोजत बसणार नाही.

घटस्फोटितेला स्वतःला काहीच मिळत नाही. तिच्या पात्र मुलांना मात्र, वडिलांनी नंतर कायदेशीर दुसरे लग्न केले असले तरी, आई घटस्फोटित नसती तर तिला जो हिस्सा मिळाला असता तो मिळतो. हे अनेक घटस्फोटित मातांना कोणी सांगतच नाही.

नोकरदार स्त्रियांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये एक महत्त्वाचा बदल केला. घटस्फोटाचा दावा प्रलंबित असेल, किंवा पतीविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, हुंडाबंदी कायद्याखाली अथवा दंडसंहितेखाली तक्रार दाखल असेल, तर महिला कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक लेखी विनंती करून आपल्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या आधी मुलांना मिळावे असे सांगू शकते. ज्या स्त्रीला हे लागू पडते तिने विनंती कार्यालयप्रमुखाकडे देऊन पोच जपून ठेवावी. अर्जाविना मृत्यू झाला तर हा पर्याय उरत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना १९८२ चे नियम लागू आहेत. त्यानंतर लागलेल्यांसाठी आधी अंशदान योजना आणि मग राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा मार्ग शासनाने २०२३ मध्ये खुला केला. केंद्राच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत (यूपीएस) पेन्शनच्या ६० टक्के इतका कुटुंब लाभ निवृत्तीच्या दिवशी कायदेशीर असलेल्या पती-पत्नीलाच मिळतो, त्यामुळे निवृत्तीनंतर पुनर्विवाह करू पाहणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी. वर सांगितलेल्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत निवृत्तीनंतर केलेल्या कायदेशीर विवाहातील जोडीदारही पात्र असतो.

सैन्यदलांत सगळे रेकॉर्ड ऑफिसच्या नोंदीवर चालते. विवाह, घटस्फोट आणि मुलांचे जन्म ‘भाग दोन आदेशात’, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंद-आदेशात, प्रसिद्ध झालेले असावे लागतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत घरोघरी माजी सैनिक आहेत. त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून या नोंदी तपासून घ्याव्यात.

चौथी पायरी : खासगी नोकरीतील ईपीएफ आणि ईपीएस

कारखाना, सहकारी बँक, खासगी रुग्णालय अशा ठिकाणी काम केलेल्या माणसामागे तीन वेगळे लाभ असतात : भविष्य निर्वाह निधीची (ईपीएफ) शिल्लक, १९९५ च्या पेन्शन योजनेची (ईपीएस) मासिक पेन्शन आणि ठेवसंलग्न विमा. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास या विम्याची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे.

निधीच्या नामनिर्देशनाचे नियम विभक्त कुटुंबांनी नीट समजून घ्यावेत. सभासदाला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन रद्दबातल असते. अविवाहित असताना आईचे किंवा मित्राचे नाव दिले असेल, तर लग्न होताच ते नामनिर्देशन निष्प्रभ होते आणि नवे करावे लागते. पत्नीला व्यक्तिगत कायद्याने किंवा समाजाच्या रूढीने पोटगीचा हक्क उरलेला नाही असे पुरुष सभासदाने सिद्ध केले, तरच ती योजनेपुरती कुटुंबाबाहेर जाते. स्त्री सभासदासाठी योजना अधिक सोपी आहे : आयुक्तांना लेखी कळवून ती पतीला आपल्या कुटुंबाच्या व्याख्येतून वगळू शकते. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या, कारखान्यात किंवा रुग्णालयात राबणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या आयुष्यभराच्या बचतीला हे एक पत्र संरक्षण देऊ शकते, आणि तरीही ते फार थोड्या जणी देतात.

मासिक पेन्शनमध्ये विधवेला, सभासद पेन्शन घेत असताना वारला असेल तर, त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते आणि किमान १,००० रुपयांची हमी आहे. एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळतात. सभासदाची पेन्शन ४,००० असेल तर विधवेला २,००० आणि प्रत्येक मुलाला ५०० असा हिशेब होतो. विधवेने पुनर्विवाह केला तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथ दराने, म्हणजे विधवेच्या रकमेच्या ७५ टक्के, मिळू लागते.

सरकारी नियमांहून मोठा फरक पुढे आहे. एकाहून अधिक विधवा असतील तर ईपीएसमध्ये वाटणी होत नाही. विवाहाच्या तारखेने जी ज्येष्ठ तिला पूर्ण पेन्शन मिळते आणि तिच्या पश्चात पुढचीला. म्हणून इथे विवाहाच्या तारखेचा पुरावा हाच निर्णायक कागद ठरतो.

पाचवी पायरी : माणूस हयात असताना करायची कामे

ज्याचा पहिला विवाह प्रत्यक्षात संपला आहे आणि जो दुसरीसोबत राहतो, त्याने आधी न्यायालयातून घटस्फोट घ्यावा, अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी, मग विवाह करावा आणि तो नोंदवावा. त्यानंतर हुकुमाची प्रमाणित प्रत आणि नव्या विवाहाचे प्रमाणपत्र कार्यालयात देऊन सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील बदलून घ्यावा. निवृत्त झालेल्याने पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख चढवून घ्यावी. कार्यालयाला न कळवता केलेले दुसरे लग्न सेवा वर्तणूक नियमांचा भंग ठरते, आणि ते लपवण्याच्या धडपडीत मागे राहणाऱ्यांची कागदपत्रे कायमची अपुरी राहतात. पहिल्या पत्नीचे नाव तपशिलातून गाळल्याने तिचा हक्क जात नाही. फक्त पुढे भांडण वाढते.

घटस्फोट शक्य नसेल तर दुसऱ्या जोडीदाराची तरतूद पेन्शनच्या बाहेर करावी. स्वकष्टार्जित मालमत्तेचे नोंदणीकृत मृत्युपत्र, तिच्या नावावर थेट घेतलेले घर किंवा ठेवी, तिचे स्वतःचे पीपीएफ खाते, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ अशा स्वरूपाचे संयुक्त खाते, ही साधने कायद्याच्या चौकटीत उपलब्ध आहेत. आयुर्विम्यात तिचे नाव केवळ नॉमिनी म्हणून ठेवण्यापेक्षा पॉलिसी तिच्या नावे रीतसर अभिहस्तांकित (असाइन) करावी किंवा मृत्युपत्रात त्या पॉलिसीचा स्पष्ट उल्लेख करावा.

विभक्त पत्नीने आपल्या लग्नाचे पुरावे आजच गोळा करावेत : विवाह नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, छायाचित्रे, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या नोंदी, जुनी शिधापत्रिका, पोटगीच्या दाव्यातील आदेश. पोटगीच्या आदेशात ती त्याची पत्नी आहे असे न्यायालयाने नोंदवलेले असते, त्यामुळे त्याचे वजन मोठे असते. पतीच्या कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने एक साधे पत्र पाठवावे : मी अमुक यांची विवाहित पत्नी आहे, आमचा घटस्फोट झालेला नाही, माझा पत्ता हा आहे आणि त्यांच्या निवृत्तिवेतनविषयक लाभांबाबत निर्णय घेण्यापूर्वी मला कळवावे. सेवापुस्तकाला जोडलेले असे एक पत्र पुढची कित्येक वर्षांची कोर्टबाजी वाचवू शकते.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाला होकार देणाऱ्या, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने सही करण्यापूर्वी एक आकडेमोड नक्की करावी. सहीनंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचा तिचा हक्क कायमचा संपतो आणि मासिक पोटगीही पतीच्या मृत्यूनंतर सहसा थांबते. म्हणून एकरकमी रक्कम ठरवताना त्या गमावलेल्या पेन्शनचे मूल्य धरावे. विवाह टिकण्याची आशा नाही, पण उतारवयातील सुरक्षितता हवी आहे, अशा परिस्थितीत न्यायिक विभक्ततेचा पर्यायही वकिलाशी बोलून पाहावा. या सगळ्यासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते.

सहावी पायरी : मृत्यूनंतरचा अर्ज आणि वाद

मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्याव्यात. कर्मचारी सेवेत होता तर अर्ज कार्यालयप्रमुखाकडे जातो. राज्य शासनाच्या बाबतीत प्रकरण पुढे मुंबई किंवा नागपूर येथील महालेखापाल कार्यालयाकडे आणि तिथून कोषागाराकडे येते. ईपीएफसाठी निधीचा अर्ज २० क्रमांकाचा, पेन्शनचा १०-डी आणि विम्याचा ५-आयएफ आहे. मृत्यूच्या प्रकरणांसाठी एकत्रित अर्जही चालतो.

दुसरा दावेदार आहे हे माहीत असेल तर अर्जात ते लपवू नये. अर्जासोबतच स्वतंत्र पत्राने वादाची माहिती द्यावी आणि निर्णय होईपर्यंत रक्कम कोणालाही देऊ नये अशी हरकत नोंदवावी. दुसऱ्या व्यक्तीला रक्कम आधीच दिली गेली असेल तर वसुली शक्य असते, पण ती फार रेंगाळते.

कार्यालय बहुधा ‘न्यायालयाचा आदेश आणा’ असे उत्तर देईल. कोणता आदेश, हे लेखी विचारावे, कारण तीन वेगळे मार्ग आहेत आणि चुकीचा निवडला तर वर्षे वाया जातात. पत्नी नेमकी कोण हा वाद असेल तर वैवाहिक दर्जाच्या घोषणेचा दावा कौटुंबिक न्यायालयात करावा लागतो, आणि जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात. उपदान, निधी, ठेवी अशा रकमांसाठी भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ३७२ खाली वारसा प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम आठ खाली वारस म्हणून मान्यतेचे प्रमाणपत्रही मिळते. तहसील कार्यालयाचा वारस दाखला वाद नसलेल्या प्रकरणात उपयोगी पडतो. दोन पत्नींचा वाद त्याने मिटत नाही. विवाहाचा दर्जा स्पष्ट असूनही कार्यालय पेन्शन देत नसेल, तर राज्य कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. ईपीएफच्या दिरंगाईबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

वारसा प्रमाणपत्राबाबत २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दोन्ही घरांनी लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्या घरातील स्त्री नॉमिनी होती आणि तिला चार मुले होती. न्यायालयाने रक्कम उचलण्याचे प्रमाणपत्र तिच्याकडेच ठेवले, पण कायदेशीर पत्नीचा पाचवा हिस्सा तिने सुरक्षित ठेवावा अशी अट घातली. असा तोडगा पक्षकारांना स्वतःहूनही काढता येतो. मासिक पेन्शन नियमांप्रमाणे पात्र व्यक्तीकडे जाईल. मात्र एकरकमी रकमांबाबत दोन्ही बाजू लोकअदालतीत तडजोड करू शकतात, तिचा निवाडा दिवाणी हुकुमाइतकाच बंधनकारक असतो आणि मुलांचे शिक्षण चालू असेल तर खटल्यापेक्षा हा मार्ग मला बराच शहाणपणाचा वाटतो. तडजोडीत अल्पवयीन मुलांचे हिस्से त्यांच्या स्वतंत्र ठेवींत ठेवण्याची आणि त्यावर न्यायालयाची परवानगी नोंदवण्याची अट आवर्जून घालावी.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर ते स्वतःच्या, स्वतः चालवता येईल अशा खात्यातच घ्यावे, सरकारी निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा, आणि हिस्सेदारांपैकी कोणाची पात्रता संपली की त्या तारखेपासूनच्या फरकाची मागणी कोषागाराकडे किंवा बँकेकडे लेखी करावी.